सलाईन किती दिवस? आजारी मांजरांविषयी वाचकांचे प्रश्न

मांजरांच्या दीर्घ आजारांवरचे प्रश्न मागवले, तेव्हा औषधांच्या नावांपेक्षा ‘हे सगळं कुठपर्यंत करायचं?’ हाच प्रश्न जास्त आला. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांची आहेत. औषधांचं प्रमाण दिलंय ते तुम्हाला तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. पत्र वाचून परस्पर गोळी सुरू करू नये.

प्रश्न : आमची मनी १४ वर्षांची, वजन ३.१ किलो. दोन वर्षं किडनीचा त्रास आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ३.४ च्या आसपास असायचं, ते या आठवड्यात ५.८ आलं. डॉक्टर म्हणतात, चार दिवस रोज आणा, शिरेतून सलाईन लावू. आम्ही दादरला, दवाखाना लांब. पिंजरा दिसला की ती पलंगाखाली शिरते आणि परत आल्यावर दिवसभर बाहेर येत नाही. आई म्हणते, आता पुरे, तिला त्रास देऊ नका. शिवाय दिवसाला सात औषधं चालू आहेत. (वाचक, दादर)

उत्तर : आईंचं बरोबर की डॉक्टरांचं, हे आकडा कसा चढला त्यावर आहे. वर्षभरात हळूहळू चढला असेल, तर चार दिवसांच्या सलाईनने तो आठवडाभर खाली बसेल आणि पुन्हा वर येईल. पण दोन-तीन आठवड्यांत एवढी उडी असेल, तर जुन्या आजारावर काहीतरी नवं बसलंय असं धरून चला. उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालं असेल, लघवीत जंतू असतील, मूत्रनलिकेत खडा अडकला असेल किंवा रक्तदाब चढला असेल. यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. म्हणून आधी लघवीचं कल्चर म्हणजे जंतूंची तपासणी, सोनोग्राफी, रक्तदाब आणि पोटॅशियम, एवढं करून घ्या.

मग डॉक्टरांशी मुदतीचं बोला. ‘चार दिवस लावू’ ही मुदत नव्हे. ‘४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा करू, खाली आलं तर पुढे, नाही तर घरी’, ही मुदत. त्या काळात दाखल करायचं तर रात्रीसुद्धा माणूस असतो अशा ठिकाणी सलग ठेवा. रोज टॅक्सीने ने-आण म्हणजे दिवसा सलाईन, रात्री खंड आणि दोन्ही वेळा भीती. त्यापेक्षा घरी कातडीखाली सलाईन देणं पुष्कळदा बरं पडतं.

पिंजऱ्याचं म्हणाल, तर तो माळ्यावरून काढून लगेच मांजर कोंबू नका. झाकण काढून, आत जुन्या साडीची घडी घालून तो कायम बाहेर राहू द्या. टॅक्सीत मांडीवर न घेता पुढच्या सीटमागे खाली, टॉवेल झाकून ठेवा. तिथे हादरे कमी बसतात.

आता घरचं सलाईन. बाटली रिंगर लॅक्टेटची, ५०० मिलीची. दुकानात सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून नाव वाचून घ्या. डेक्सट्रोज असलेली बाटली कातडीखाली कधीच द्यायची नाही. आग होते, गळू धरू शकतं. सेट साधा घ्या, लहान मुलांचा मायक्रो सेट नको, त्यातून थेंब फार बारीक पडतो. सुई २० नंबरची, पिवळ्या बुडाची. हात बसला की १८ नंबर, गुलाबी बुडाची. नंबर जितका कमी तितकी सुई जाड, हे ऐकून लोक बिचकतात. पण जाड सुईने पाच मिनिटांत काम होतं, बारीक सुईने पंधरा मिनिटं मांजर धरून बसावं लागतं. मनीच्या वजनाला सहसा एका वेळी १०० मिली, दिवसाआड, यापासून सुरुवात करतात.

बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा आणि दोन थेंब मनगटावर टाकून पाहा. मायक्रोवेव्ह नको, आत कुठे उकळतं कुठे गार राहतं. बाटली खिडकीच्या गजाला किंवा पडद्याच्या रॉडला, मांजरापेक्षा तीन-चार फूट उंच टांगा. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तिचा तंबू होतो. सुईचा तिरका कापलेला भाग वर ठेवून ती तंबूच्या बुडाशी, पाठीला समांतर आत सरकवा. मग सेटचं चाक पूर्ण उघडा.

थेंब पडेना? सुईचं तोंड आतून कातडीला चिकटलंय. पाव वळसा फिरवा, किंचित मागे ओढा. तरीही नाही, तर सेटवरचं हवेचं झाकण बंद असेल. कडक बाटलीत हवा शिरल्याशिवाय पाणी उतरत नाही. केस ओले झाले, तर सुई तंबूच्या पलीकडून बाहेर आली आहे. झाल्यावर सुई काढून ती जागा मिनिटभर चिमटीत दाबून धरा. थोडी गळती किंवा रक्ताचा थेंब चालतो. पाण्याचा गोळा पुढच्या पायावर ओघळतो, तेही चालतं. मात्र तो दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, तर पुढची बाटली लावू नका, डॉक्टरांना कळवा. दर वेळी नवी सुई. बाटली फोडल्याची तारीख वर लिहा आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्या; गढूळ दिसलं तर त्याआधीच.

एक सावधगिरी. हृदयाचा आजार असलेल्या मांजराला हेच सलाईन फुफ्फुसात भरू शकतं. गाढ झोपेत असताना मिनिटभर छाती किती वेळा वर येते ते मोजा. ३० च्या आत हवं. त्यावर जाऊ लागलं तर सलाईन थांबवून फोन करा. तोंड उघडून धापा टाकत असेल, तर फोन करत बसू नका, निघा.

राहिली सात औषधं. याबाबत आमचं मत जरा रोखठोक आहे : म्हाताऱ्या मांजराला दिवसातून सात वेळा पकडणं हाच एक आजार होतो. आजच्या दिवसावर कोणतं औषध परिणाम करतं, त्या क्रमाने यादी लावा. मळमळ पहिली. वाटीपाशी येते, वास घेते, ओठ चाटते आणि तोंड फिरवून निघून जाते, हे ‘नखरे’ नसतात, ही मळमळ. त्यावर मॅरोपिटंट, आणि भुकेसाठी मिर्टाझेपिन. माणसांची १५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिचा आठवा भाग, तोही किडनीच्या मांजराला ४८ तासांतून एकदाच. जास्त झाली तर मांजर रात्रभर ओरडत फिरतं. मग पोटॅशियम, ते कमी पडलं की मान वर धरवत नाही, हनुवटी छातीकडे झुकते. मग रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर. ही ऐच्छिक समजू नका, कारण रक्तदाब चढून एका रात्रीत दृष्टी जाते. बद्धकोष्ठ असेल तर लॅक्टुलोज. फॉस्फरस बांधणारी पावडर खाण्यातच मिसळायची असते. मांजर खातच नसेल तेव्हा ती देण्यात अर्थ नाही. बाकीची ‘ताकदीची’ सिरपं डॉक्टरांना विचारून बंद करा.

उरलेल्या लहान गोळ्यांपैकी कोणत्या एकत्र चालतील ते डॉक्टरांना विचारा आणि तेवढ्या एका रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरा, म्हणजे एकदाच तोंड उघडावं लागतं. मागून सिरिंजने चार-पाच मिली पाणी द्याच. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते. डॉक्सिसायक्लिन हे जंतू मारणारं औषध तर यासाठी कुप्रसिद्धच आहे.

आणि क्रिएटिनिन कमी आलं की पेढे वाटायच्या आधी वजन पाहा. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. मांजर वाळलं की किडनी तशीच असूनही आकडा खाली येतो.

प्रश्न : बोका आजारी आहे पण मांडीवर घेतलं की घुर्र घुर्र करतो. म्हणजे त्याला वेदना नाहीत ना? (वाचक, गिरगाव)

उत्तर : तसं म्हणता येत नाही. दुखत असतानाही, अगदी शेवटच्या दिवशीही मांजरं घुरघुरतात. आवाजापेक्षा चेहरा वाचा. कॅनडातल्या माँट्रिअल विद्यापीठात तयार झालेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोजपट्टी आहे, फीलाइन ग्रिमेस स्केल. तिच्यात पाच गोष्टी पाहतात : कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे आवळलेत का, नाका-तोंडाचा भाग ताणलाय का, मिश्या सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्याच्या रेषेखाली गेलंय का. प्रत्येकाला ०, १ किंवा २. दहापैकी ४ किंवा जास्त आले तर वेदनाशामकाची गरज आहे असं धरतात. मांजर जागं पण शांत असताना अर्धा मिनिट पाहा. झोपेत, खाताना किंवा अंग चाटताना मोजू नका.

जगण्याचा एकूण दर्जा मोजायला अमेरिकी पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांची सात मुद्द्यांची पट्टी आहे : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी दहा गुण, एकूण ३५ च्या वर असतील तर ठीक. उपयोगी आहे, पण घरचे लोक गुण सढळ हाताने देतात. म्हणून जोडीला आणखी एक करा. तुमच्याच बोक्याच्या पाच ठरलेल्या सवयी आज लिहून काढा, म्हणजे आजारपण बळावायच्या आधी. कोळीण मावशीची हाक ऐकून दाराशी धावणं, खिडकीच्या कट्ट्यावर चढून कबुतरांवर कटकटणं, जेवल्यावर पंजा ओला करून तोंड पुसणं, संध्याकाळी कुलपाचा आवाज आला की पुढे येणं, ट्रेमध्ये जाऊनच शू करणं. घरातल्या एकाच माणसाने रोज रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करायची, दुधाचे खाडे मांडतात तशी. पाचपैकी तीन गोष्टी झाल्या तर दिवस चांगला, त्याखाली खाडा. दोन आठवड्यांत खाडे जास्त झाले, तर डॉक्टरांची भेट रिपोर्टसाठी नको, बोलण्यासाठी घ्या. ‘परवा जरा खाल्लं होतं’ या आठवणीवर कुणी विसंबू नये. आठवण फार लाडावलेली असते.

कट्ट्यावर चढता येत नसेल तर खाली एक स्टूल ठेवून पाहा. बरेच ‘खाडे’ सांधेदुखीचे असतात. ट्रेची पुढची कडा उंच असेल तर कापून बुटकी करून द्या. दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा ट्रे मोरीच्या ओल्या कोपऱ्यात नको आणि खाण्याच्या वाटीशेजारी तर नकोच.

प्रश्न : पाठदुखीला मी घेतो ती पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजरीला चालेल का? (वाचक, मुलुंड)

उत्तर : नाही. पावही नाही. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात आणि मांजर मरतं. दिली गेली असेल तर लगेच दवाखाना. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हेही तितकेच वर्ज्य. मांजरांसाठी ब्युप्रेनॉर्फिन, गॅबापेंटिन अशी वेगळी औषधं आहेत.

प्रश्न : ११ वर्षांच्या चिंगीला आतड्याचा लिम्फोमा (कर्करोगाचा एक प्रकार) निघाला आहे. केमो म्हणजे नुसते हाल, असं सगळे सांगतात. ती खात नाही, म्हणून मी सिरिंजने भरवते. आता मला पाहिलं की पळते. (वाचक, बोरिवली)

उत्तर : रिपोर्टमध्ये पेशी लहान लिहिल्यात की मोठ्या, ते आधी पाहा. आजाराचं नाव एकच, पण गोष्टी दोन. लहान पेशींच्या लिम्फोमाला घरीच गोळ्या देतात, प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल. बहुतेक मांजरं त्यावर सुधारतात आणि पुष्कळ जणी दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चांगल्या जगतात. माणसांसारखे केस गळत नाहीत. फार तर मिश्या झडतात. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी तोडायची नाही, हातमोजे घालून द्यायची, घरात कुणी गरोदर असेल तर तिने ना गोळीला हात लावायचा ना ट्रेला. रक्ताच्या पेशींची तपासणी ठरल्या दिवशी चुकवू नका. बी-१२ कमी असेल तर आठवड्याला एक इंजेक्शन, सहा आठवडे. नुसत्या या इंजेक्शननेही काहींची भूक परत येते. मोठ्या पेशींचा प्रकार असेल तर तो आक्रमक असतो, शिरेतून केमो लागते आणि प्रतिसादाचा भरवसा कमी. तिथे फक्त स्टिरॉइड आणि मळमळीचं औषध देऊन काही आठवडे बरे घालवणं हाही रीतसर निर्णय आहे. तपासणीसाठी तुकडा काढायचा बाकी असेल, तर तोवर स्टिरॉइड सुरू करू नका. निदान झाकलं जातं.

सिरिंज आजच बंद करा. मळमळ असताना जबरीने भरवलं की मांजराच्या डोक्यात तो वास आणि तुम्ही कायमचे जोडले जाता, शिवाय अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. पण उपाशीही ठेवता येत नाही. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर यकृतात चरबी साठू लागते आणि मग भूक आणखी मरते. तीन किलोच्या मांजराला पडून राहायलाही दिवसाला साधारण १६० कॅलरी लागतात, म्हणजे ओल्या खाद्याची ८५ ग्रॅमची निदान दोन पाकिटं. दोन चमचे सूप म्हणजे खाणं नव्हे.

अशा वेळी मानेतून अन्ननलिकेत घातलेली नळी विचारात घ्या. ऐकायला भयंकर, वागवायला सोपी. थोड्या वेळाची भूल लागते. नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकतं. गोळ्याही चुरून त्यातून जातात. क्लोरॅम्ब्युसिल मात्र नाही. ओलं खाद्य पाण्यासोबत मिक्सरमधून गंधासारखं काढा, गाळा, अंगाइतकं कोमट करा. पहिल्या दिवशी ठरलेल्याच्या तिसरा हिस्सा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. एका वेळी ३० मिली, दहा मिनिटं घेऊन, दिवसाचं ठरलेलं पोटात जाईल इतक्या वेळा. आधी आणि नंतर ५ मिली पाणी. नळ्या तुंबतात त्या नंतरचं पाणी विसरल्यामुळे. तुंबलीच तर कोमट पाण्याने हलके पुढे-मागे करा, जोर लावू नका. भरवताना ओठ चाटायला, लाळ गाळायला लागली तर थांबा. उलटीत नळीचं टोक तोंडातून बाहेर आलं, तर त्यातून काहीही न देता दवाखाना गाठा.

पण नळी कशासाठी, हे आधी ठरवा. औषध लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून ती उत्तम. पलीकडचा काठच नसेल, तर आम्ही ती सुचवत नाही. लहान पेशींचा प्रकार असेल तर चार आठवडे धरा, वजन दर रविवारी. किराणा मालाच्या काट्यावर टोपलीत बसवलं तरी चालतं.

घरच्या खाण्याबद्दलही थोडं. कांदा-लसूण घातलेलं कालवणाचं पाणी नको, त्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात. सुकट, सुके बोंबील मीठ आणि फॉस्फरसने भरलेले. किडनीच्या मांजराला नकोतच. उकडलेला ताजा बोंबील किंवा कोंबडीचं बिनमिठाचं पाणी वासापुरतं वर घाला, खाद्य मात्र तेच.

प्रश्न : ९ महिन्यांच्या पिल्लाचं पोट फुगलंय, ताप उतरत नाही. एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) सांगितलं. एक डॉक्टर म्हणतात उपाय नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर : काही वर्षांपूर्वीपर्यंत तेच खरं होतं. आता नाही. जीएस-४४१५२४ या औषधाचा ३१ मांजरांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातली बहुतेक मांजरं वाचली. उपचार ८४ दिवसांचा, रोज, खंड न पाडता. खर्च मोठा, तो आधी पूर्ण मोजा. चाळिसाव्या दिवशी पैसे संपणं ही सगळ्यात वाईट वाट. दर आठवड्याला वजन करा, कारण पिल्लू वाढतं तसा डोस वाढवावा लागतो आणि जुन्याच डोसवर राहिल्याने आजार उलटतो. इथे मुदत छोटी ठेवता येते : ताप दोन-तीन दिवसांत उतरायला हवा, पोट एक-दोन आठवड्यांत. नाही झालं तर निदान किंवा डोस पुन्हा तपासा. श्वासाला अडथळा नसेल तर पोटातलं पाणी वारंवार काढू नका. नंतरचे १२ आठवडे लक्ष ठेवायचे. मनी किंवा चिंगीच्या पत्रांसारखा ‘आता पुरे’चा विचार इथे इतक्या लवकर करू नका.

प्रश्न : भुरीची किडनी संपली आहे, चार दिवस ती हलत नाही. मुलं म्हणतात इंजेक्शन द्यावं. सासूबाई म्हणतात, मांजर मारलं तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते. आणि नैसर्गिक मरण शांत नसतं का? (वाचक, लालबाग)

उत्तर : सोन्याच्या मांजरीची गोष्ट मांजरांना उगाच मारू नये म्हणून कुणीतरी शहाण्याने घातलेला धाक असावा, चार दिवस निपचित पडलेल्या जिवाला तो लावू नये, असं सासूबाईंना सांगून पाहा. किडनीचं नैसर्गिक मरण बहुधा शांत नसतं. तोंडात व्रण, सतत मळमळ, अंग गार पडणं, कधी झटके, आणि हे दोन-तीन दिवससुद्धा चालतं. वाट पाहून तिला काही मिळत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते मुलांना आधी सांगा. आधी गुंगीचं इंजेक्शन. पाच ते पंधरा मिनिटांत ती गाढ झोपते. ते न देता थेट दुसरं देणार असतील, तर आग्रह धरा. मग भुलेचं औषध जास्त प्रमाणात, बहुधा शिरेतून. हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, एखादा श्वासासारखा झटका येतो, शू होते. ती तेव्हा गेलेली असते. म्हणून खाली जाड टॉवेल. स्टेथोस्कोप लावून डॉक्टरांनी ‘गेली’ म्हणेपर्यंत उचलू नका. घरी येणारे डॉक्टर मिळतात, पण रात्री अकरा वाजता शोधू नका. नंबर आजच घेऊन ठेवा. पावसाळ्यात हे जास्तच. रस्त्यावर पाणी भरलं की लालबागहून परळचा दवाखानासुद्धा लांब होतो.

नंतर शरीर फार वेळ घरात ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत काही तासच हाताशी असतात. टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या पिशव्यांवर ठेवा. मालाडला महापालिकेचं लहान प्राण्यांसाठी गॅसवरचं दहनगृह आहे. निघण्यापूर्वी फोन करून वेळ घ्या. समुद्रात सोडणं किंवा सोसायटीच्या बागेत वरवर पुरणं नको, कुत्री उकरतात. उरलेल्या न फोडलेल्या बाटल्या आणि खाद्य तुमच्या दवाखान्यात द्या, तिथे दुसऱ्या कुणाला लागतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा आणि त्याही तिथेच द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर कचरा वेचणाऱ्याच्या हातात शिरतात.